बहिणीचे लाइट सुरू व्हायचेत, अंडाशय वाचवता येतं का? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठची:
धाकटी बहीण, वय २९, अजून मूल नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघालाय. मिरजेत दाखवलं. लाइट (रेडिएशन) आणि सोबत दर आठवड्याला केमो ठरलंय, मार्किंगला, म्हणजे लाइट कुठं द्यायचा त्या खुणा करायला, पुढच्या आठवड्यात बोलावलंय. पाळी कायमची जाईल म्हणाले. त्यावर काही उपाय आहे का, हे तिथं कुणाला विचारायचं सुचलंच नाही, दाजी तर नुसते गप्प. कुणाला माहिती असेल तर सांगा.

विटेकर:
ताई, आधी जीव. मुलाबाळांचं नंतर बघता येतं.

मिरजेची सिस्टर:
विटेकर, लाइट झाल्यावर बघायला काही उरत नाही हो. अंडाशयातली निम्मी बीजं मारायला २ ग्रेसुद्धा (ग्रे म्हणजे लाइटचा डोस मोजायचं माप) लागत नाहीत आणि ओटीपोटाला बाहेरूनच ४५ ते ५० ग्रे देतात. शिवाय हा प्रश्न नुसता मुलाचा नाही. तिशीच्या आत अंडाशय बंद पडलं की अंगातून वाफा, हाडं ठिसूळ, पुढं हृदयाचा त्रास.

ताई, उद्याच जाऊन 'ओव्हेरियन ट्रान्सपोझिशन' होईल का एवढं विचारा. दुर्बिणीतून अंडाशयं त्यांच्या रक्तवाहिन्यांसकट सोडवून कमरेच्या हाडाच्या वर, पोटाच्या कडेला टाकतात आणि तिथं धातूची क्लिप लावतात. मार्किंगच्या वेळच्या सीटी स्कॅनमध्ये ती क्लिप दिसते, मग लाइटवाले डॉक्टर तेवढा भाग चुकवतात. म्हणून हे मार्किंगच्या आधीच व्हायला हवं. मात्र गाठीचा प्रकार आणि स्टेज बघूनच ते हो म्हणतील. अ‍ॅडिनो (ग्रंथीच्या पेशींतून होणाऱ्या) प्रकारात अंडाशयात पसरायची भीती जरा जास्त असते. जमलं तरी खात्री नाही, थोडा लाइट तिथवर पोचतोच, रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो.

आणि कुणी अंडाशय झोपवायच्या महिन्याच्या इंजेक्शनवर भागेल म्हणालं तर लक्षात ठेवा, ते केमोपुरतं. लाइटपासून ते वाचवत नाही.

कराडची मावशी:
माझ्या सुनेच्या वेळी बीजं गोठवायचंही विचारलं होतं. त्याआधी बीजं वाढवायच्या इंजेक्शनांना दहा-बारा दिवस जातात, कॅन्सरचे डॉक्टर तेवढं थांबू देतील का ते आधी विचारा. गाठ तोंडाशीच असेल तर बीजं काढायची सुई खालून न घालता पोटावरून घालतात, हेही बोलून घ्या. खर्च मोठा आहे. जनआरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, नातेवाइकांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

कृष्णाकाठची:
मावशी, सिस्टर, खूप आधार वाटला. अंडाशय वर नेलं तर पाळी येत राहील ना?

मिरजेची सिस्टर:
बहुतेक नाही. गर्भाशय लाइटच्या वाटेतच आहे, त्याचं अस्तर जळतं. पाळी थांबली म्हणून अंडाशय गेलं असं समजू नका, एफएसएच आणि एएमएच या हार्मोनच्या रक्ततपासणीत खरं कळतं. त्याच कारणानं पोटात मूल वाढवणं जमणार नाही. बीजं शिल्लक असतील तर सरोगसीचा रस्ता राहतो, पण २०२१ च्या कायद्याने पैसे देऊन ती करता येत नाही. हे दाजींनाही समोर बसवून सांगा. आणि अंडाशय चाललंच नाही तर हार्मोनच्या गोळ्या असतात, तिला चालतील का ते डॉक्टर सांगतील.

विटेकर:
सिस्टर, मला हे खरंच माहीत नव्हतं. ताई, मिरजेत नाही म्हणाले तर परळला टाटाला एकदा कागद दाखवा. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीची आहे, सकाळी मुंबई. बायोप्सीचा रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी, दोन्ही घ्या.

मिरजेची सिस्टर:
पण लाइटची तारीख त्यासाठी पुढं ढकलू नका, आधी इथल्या डॉक्टरांना सांगूनच जा. ऑपरेशन झालंच तर क्लिप कुठं लावल्या ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या आणि लाइटवाल्यांना स्वतः दाखवा.