थंडरबर्ड्स पाहिलेले कोणी आहे का इथे? आठवणी लिहा

मीरा_लेस्टर
काल पार्कात ब्रास बँडने थंडरबर्ड्सची धून वाजवली आणि मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. १९९१ मध्ये आम्ही इकडे इंग्लंडमध्ये नवीन होतो. बीबीसी टूने ही १९६५ ची बाहुल्यांची मालिका शुक्रवारी संध्याकाळी परत दाखवायला घेतली होती. मुलं टीव्हीसमोर, मी पोळ्या लाटतेय, आणि तिकडून फाइव्ह, फोर, थ्री, टू, वन! निम्मं इंग्रजी डोक्यावरून जायचं, पण गोष्ट कळायची. कोणीतरी कुठेतरी अडकलंय आणि ट्रेसींची पाच मुलं आपापली यानं घेऊन सोडवायला निघालीत. एवढी यंत्रं, एवढे स्फोट, आणि सगळं कशासाठी, तर माणूस वाचवायला. मला ते तेव्हाही फार मोठं वाटलं, आजही वाटतं. तुम्ही पण लिहा. आवडली नसेल तरी लिहा.

चहा_दोन_कप
थंडरबर्ड टू!!! हिरवं, जाडजूड, पोटातला डबा खाली ठेवून वर उचललं जाणारं. बाकीची चार यानं ठेवा बाजूला. निघताना दोन्हीकडची ताडाची झाडं आडवी व्हायची, तेवढं बघायला मी अभ्यास सोडून यायचो.

अनघा_रेडिंग
मीराताई, काय आठवण काढलीत! १९९२ च्या नाताळात ट्रेसी आयलंडचं, म्हणजे त्यांच्या बेटाचं, खेळणं कुठल्याच दुकानात मिळेना. मुलगा रडून रडून बेजार. मग जानेवारीत ब्लू पीटर या मुलांच्या कार्यक्रमात अँथिया टर्नरने ते बेट टाकाऊ पुठ्ठे-खोक्यांतून करून दाखवलं. कृतीचा कागद मागणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की शेवटी त्याची व्हिडिओ कॅसेट काढावी लागली बीबीसीला. आमचे हे रात्री जागून कागदाचा लगदा करत बसले होते. आणि पुढच्या दिवाळीत काय झालं असेल? किल्ला करायला घेतला तर चिरंजीव म्हणाले, खाली थंडरबर्ड टूची गुहा पाहिजे. केली. वर सिंहासनावर महाराज, खाली गुहेच्या तोंडाशी दोन मावळे पहाऱ्याला. सासूबाई तेव्हा इथेच होत्या, त्यांनी धावपट्टी सोडून सगळीकडे अळीव पेरले. फोटो आहे, सापडला की टाकते.

मीरा_लेस्टर
अनघा, फोटो टाकच!

कुडाळचो_झील
आमच्या पिंगुळीची ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्या नाचवतात, त्या लहानपणापासून बघत आलोय. म्हणून थंडरबर्ड्स बघताना माझं लक्ष सगळं तारांकडे. एवढा खर्च करून त्यांच्या बाहुल्यांना धड चालता येत नाही हो! डोक्यात विजेवर चालणारी कळ बसवलेली, ध्वनिमुद्रित संवाद लागला की त्यावर ओठ हलायचे. त्यापायी डोकं जड आणि शरीर लहान. पण त्यावरचा तोडगा बघा. चालताच येत नाही ना, मग सरकत्या खुर्च्या द्या, घसरगुंड्या द्या, थंडरबर्ड टू चालवणाऱ्या व्हर्जिलला उलटा करून थेट यानात सोडा. त्या मालिकेतली निम्मी गंमत या अडचणीतून आलीय असं माझं ठाम मत आहे. आणि बटण दाबतानाचा हात जवळून दाखवला की तो खऱ्या माणसाचा असायचा.

रश्मी_ठाणे
बाहुल्या म्हटलं की मला तात्या विंचूच आठवतो, अजून भीती वाटते. मालिका नाही बघितली.

चहा_दोन_कप
रश्मी 😂 रामदास पाध्यांचा अर्धवटराव बघ, भीती जाईल.

रश्मी_ठाणे
तो आवडतो! आजोबांनी शिवाजी मंदिरला नेलं होतं. जाऊ दे, कुकर झाला, पळते.

निखिल_७८
मला स्पष्ट सांगायचं तर फार संथ वाटली. यान सुटायलाच पाच मिनिटं. त्याला कारणही आहे. आधी भाग पंचवीस मिनिटांचे होते. मालिकेला पैसा पुरवणाऱ्या ल्यू ग्रेड यांनी पहिला भाग बघितला आणि तासाभराच्या वेळेत बसतील एवढे लांबवायला सांगितलं. तयार झालेल्या भागांना जोडकाम करावं लागलं, ते दिसतं. यंत्रांचीच मालिका म्हणाल तर मला १९९५ ची बग्ज आवडायची. लंडनच्या डॉकलँड्समधल्या चकाचक इमारती, बेकेट, एड आणि रॉस. कॉम्प्युटर उघडून काम करायची ती रॉस! माझ्या बहिणीने तिच्यामुळे इलेक्ट्रॉनिक्स घेतलं.

शैलजा_काकू
निखिल, मग आमची साठच्या दशकातली ब्रिटिश हेरमालिका अ‍ॅव्हेंजर्स पण घे. छत्रीतून तलवार काढणारा स्टीड आणि त्याच्याबरोबर एमा पील. ती डायना रिग लहानपणी बिकानेरला वाढली, हिंदी बोलायची.
थंडरबर्ड्सबद्दल एक खटकतं ते लिहिते. एवढ्या पुढच्या काळाची गोष्ट, आणि त्यात आशियाई माणूस कोण, तर घरकाम करणारा किरानो आणि कपाळावर आठ्या घालून डोळे चमकवणारा खलनायक हूड. आम्ही तेव्हा या देशात नवीन, मुलांच्या वर्गात दोनतीनच आपली मुलं. माझा धाकटा शाळेच्या खेळात नेहमी हूड व्हायचा, कारण बाकीचे त्याला तेच काम द्यायचे. मालिका चांगलीच आहे, पण ते मी विसरले नाही. २०१५ मध्ये नवीन काढली त्यात किरानोची मुलगी टिनटिन हिला केयो हे नाव देऊन चांगलं तडफदार काम दिलं, ते बघून बरं वाटलं.

मीरा_लेस्टर
काकू, हे वाचून पोटात तुटलं. धाकट्याला माझा आशीर्वाद सांगा.

बोगदा_इंजिनिअर
मीराताईंच्या मुद्द्यावर येतो. मालिकेचे निर्माते गेरी अँडरसन यांना ही कल्पना सुचली ती १९६३ मधल्या पश्चिम जर्मनीतल्या लेंगेडेच्या खाण दुर्घटनेवरून. खाणीत पाणी शिरलं, २९ माणसं गेली, पण दोन आठवड्यांनी ११ जण जिवंत बाहेर काढले. भोक पाडायचं अवजड यंत्र लांबून आणेपर्यंत वेळ चालला होता. त्यांच्या मनात आलं, अशी यंत्रं आधीपासून सज्ज असती तर?
मी बोगद्यांच्या कामात आहे. २०२३ मध्ये उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार अडकले तेव्हा रोज बातम्या लावून बसायचो. ऑगर मशीन विमानाने आणलं, ते आत अडकून मोडलं, आणि शेवटचे काही मीटर हातांनी खणून माणसं काढली. सतराव्या दिवशी. खणणारे लोक रोजंदारीवरचे होते. त्या रात्री मुलीला मी थंडरबर्ड्समधल्या जमीन पोखरणाऱ्या मोल यंत्राचा भाग लावून दिला आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या.

अनघा_रेडिंग
🙏 काटा आला अंगावर.

स्लाऊवाला
उशिरा आलो, शिफ्ट होती. मंडळी, हे सगळं आमच्या स्लाऊमध्ये झालंय, ट्रेडिंग इस्टेटमधल्या शेडमध्ये! डेरेक मेडिंग्ज यांनी तिथे टेबलावर समुद्र, विमानतळ, वाळवंट उभं केलं. स्फोट जलद गतीने चित्रित करायचे, म्हणजे पडद्यावर सावकाश आणि अजस्र दिसतात. पुढे त्यांनी बाँडपटांचं काम केलं आणि सुपरमॅनसाठी ऑस्कर मिळवलं. थंडरबर्ड वनच्या तळघराची भिंत नीट बघा, तिथे लिंबू पिळायचं प्लास्टिकचं भांडं चिकटवलंय.

चहा_दोन_कप
काय सांगता! आज रात्रीच बघतो.

निखिल_७८
लिंबासाठी मी पण बघतो परत.

नातवाची_आजी
नातू सहा वर्षांचा आहे. कुठल्या भागापासून लावू?

स्लाऊवाला
पहिलाच लावा आजी. फायरफ्लॅश विमानाच्या चाकांपाशी बॉम्ब, उतरताना चाकं टेकली की फुटणार, म्हणून ते धावत्या गाड्यांवर उतरवतात. त्यातली एक गाडी बिघडते. नंतर न्यूयॉर्कचा, एम्पायर स्टेट बिल्डिंग अख्खी सरकवतात तो.

नातवाची_आजी
बरं. जेवण झाल्यावर लावते, नाहीतर भरवायचं राहील.