मक्तबमध्ये पत्ते?

जुना तालिब: मक्तबमध्ये (मुलांच्या कुराण-शाळेत) वुजूचे, म्हणजे नमाजआधी हातपाय धुण्याचे, पत्ते मांडतात म्हणे, आरसे वाटतात. ही कसली तालीम? आम्ही रिहालीसमोर (कुराण ठेवायच्या स्टँडसमोर) झुलत शिकलो, काही बिघडलं नाही.

खाडीकाठची आपा: माझं बिघडलं! दहाव्या वर्षी नूरानी कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक) तोंडपाठ, पण ‘से’, ‘सीन’, ‘साद’ ही तिन्ही अक्षरं सारखीच. चुकलं की छडी. जीभ कुठे लावायची ते कोणी दाखवलंच नाही. आता असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर पंधरा पोरं माझ्याकडे येतात. आरसा हातात देते. ‘से’ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला दिसायला हवं, ‘सीन’ला बाहेर डोकावता कामा नये. पोरं आपली चूक आपणच पकडतात. वुजूच्या पायऱ्यांच्या आठ चिठ्ठ्या आहेत, त्या क्रमाने लावायच्या. आणि आपले पैगंबर रसूलुल्लाह (स.) यांनी जमिनीवर चौकोन आखून माणसाची उमेद आणि मौत समजावली, बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. तीही फॅशनच का?

रत्नागिरीकर: आरसा ठीक. पण रोजचा सबक (नवा धडा), आमोख्ता (जुन्याची उजळणी) सुटला तर खेळून हिफ्ज (कुराण पाठ) होणार? माझा भाचा ॲक्टिव्हिटीवाल्या क्लासला जातो. थर्माकोलचा काबा झकास बनवला, नमाजमधली अत्तहियात येत नाही.

मुंब्र्याचा अब्बा: चिठ्ठ्यांचं मला सांगू नका. अशाच एका ठिकाणी माझ्या मुलीने मसाहच्या (डोक्यावरून ओला हात फिरवण्याच्या) आधी पायांची चिठ्ठी लावली, तर सगळ्यांसमोर ‘वुजू झाला नाही’ म्हणाले. रडत घरी आली. तरतीब (क्रम) सुन्नत आहे, सक्तीची नाही!

आपा: तुम्हा हनफींकडे. आम्ही कोकणी शाफई पंथाचे, आमच्यात फर्ज, सक्तीची.

मुंब्र्याचा अब्बा: मग ते पोरांना सांगा की! चिठ्ठीवर लिहायला जागा नाही?

दाभोळवाला: आता खरं दुखणं निघालं. आमच्या गावी बाहेरून हनफी हाफिज (कुराण पाठ असलेले) आणले, फजरच्या (पहाटेच्या) नमाजमधली कुनूतची दुआ बंद. आजोबा मागच्या सफेत (रांगेत) एकटेच हात उचलून उभे. वर शिकवणं उर्दूत. पोरं शाळेत मराठी, घरी कोकणी. फर्ज म्हणजे काय विचारलं, तर एक म्हणाला, ‘बँकेचं असतं ते.’ आधी भाषा बघा, मग आरसे.

मुंब्र्याचा अब्बा: हाफिजांना पगार किती देता, तेही लिहा. बाहेरून का आणावे लागतात ते कळेल.

दाभोळवाला: दोन महिने थकलाय. पण तो मुद्दा नाही.

मुंब्र्याचा अब्बा: तोच आहे.

जुना तालिब: कुठून कुठे पोचलात! आपा, आत्ता आरशासमोर ‘से’ म्हणून पाहिला. ‘सीन’च येतोय, चाळीस वर्षं झाली. घ्या, जिंकलात. पत्ते मात्र मशिदीत नकोत.

आपा: चिठ्ठ्या म्हणा. आणि तरतीबचं मागे लिहीन, अब्बा, दोन्हीकडचं.

दाभोळवाला: आणि कुनूतचं?