भयपटातलं घर प्रत्यक्ष पाहिलंय? अनुभव लिहा

पडद्यावर ज्या घरानं घाबरवलं, त्याच्या दारात जाऊन आलेली मंडळी इथे नक्की असतील. व्हिक्टोरियन घर असेल तर उत्तमच. कसं दिसलं, आत सोडलं का, भीती वाटली का, सगळं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. विंडसरजवळ टेम्सकाठी ओकली कोर्ट आहे. १८५९ चं बांधकाम, मनोरे, टोकदार छपरं, दगडात कोरलेली विचित्र जनावरं. भयपट काढणाऱ्या ब्रिटिश हॅमर कंपनीचा ब्रे स्टुडिओ अगदी शेजारी, त्यामुळे 'द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला' (१९६०) आणि 'द प्लेग ऑफ द झॉम्बीज' (१९६६) यांना हा वाडा आयताच मिळाला. १९७४ मध्ये 'रॉकी हॉरर' या सिनेमाचं शूटिंग झालं तेव्हा तो ओसाड होता. छप्पर गळत होतं, थंडी मरणाची. त्यातली नायिका सुसान सॅरंडनला न्यूमोनिया झाला. १९८१ पासून तिथे हॉटेल आहे. आम्ही दुपारच्या चहाला गेलो, तर शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस. सासूबाई म्हणाल्या, "इथे भूत आलं तरी आधी बुकिंग विचारतील!" हिरवळीवरून मागे वळून पाहिलं की मात्र हॅमरवाल्यांना हाच वाडा का हवा होता ते कळतं.

कॅलिफोर्नियाकर
साउथ पॅसाडेनातलं 'हॅलोविन'चं (१९७८) मायर्स हाउस, म्हणजे सिनेमातल्या खुन्याचं घर. १८८८ चं लाकडी घर. १९८७ मध्ये पाडणार होते, तेव्हा उचलून मिशन स्ट्रीटजवळ आणून ठेवलं. शेजारी मेट्रो स्टेशन! सिनेमात रिकामं, पोपडे उडालेलं; आता रंगरंगोटी करून चकाचक. बायकोनं विचारलं, "हेच का?" गोष्ट इलिनॉयमधल्या ऑक्टोबरची आणि शूटिंग कॅलिफोर्नियाच्या वसंतात. म्हणून रंगवलेली सुकी पानं पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुन्हा वापरायची. मला घरापेक्षा त्या पानांचंच कौतुक जास्त.

निशाचर
लॉस एंजेलिसच्या कॅरल अव्हेन्यूवर मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर' व्हिडिओतलं घर पाहिलं. लोक राहतात तिथे. फुटपाथवरून बघा आणि निघा, कुंपणाला लटकून सेल्फी काढू नका. आमच्यासमोर एक ग्रुप तेच करत होता, लाज वाटली.

कोकणी भूत
एवढ्या लांब कशाला? मुरूडचा नवाबाचा राजवाडा राणी व्हिक्टोरियाच्याच काळातला, १८८५ चा. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'चं (१९८४) शूटिंग तिथलं. खाजगी मालमत्ता, आत सोडत नाहीत. रस्त्यावरून झाडांआड दिसतो तेवढाच. पण खरं सांगतो, इथल्या यादीत भीती वाटली ती फक्त यालाच बघून. बाकीच्यांना रंग लावून ठेवलाय, याला कुणी लावलेला नाही.

पुणेरी शंका
ओकली कोर्ट चहा न घेता बाहेरून बघता येतं का? चहाचे दर पाहूनच घाबरलोय.