बेळगावी हेल आणि ऑडिशन
खानापूरच्या एकानं विचारलंय, बोलण्यात कानडी हेल आहे तर हौशी नाटक ग्रुपच्या ऑडिशनला जावं का. अहो जावा की बिनधास्त! १८८० ला किर्लोस्कर नाटक मंडळी काढणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, मग हेलाची लाज कसली. हां, रोल पुणेरी घरातला असेल तर डायरेक्टर तशी भाषा मागणारच, तेवढी वाक्यं मोठ्यानं वाचून बसवून जायची. आणि सिनेमातले गाजलेले डायलॉग नका हो नेऊ, समोरच्याला मूळ नटच दिसत राहतो तुम्ही नाही, त्यापेक्षा नाटकातला दीड-दोन मिनिटांचा तुकडा घ्या ज्यात माणूस दुसऱ्याकडं काहीतरी मागतोय. आयत्या वेळी हातात नाटकाची पानं दिली तर पाठ करायच्या भानगडीत पडू नका, समोरचा काय बोलतोय ते नीट ऐका, चांगला डायरेक्टर तेच बघत असतो. सूचना देऊन परत करायला लावलं तर घाबरायचं नाही, तुम्ही बदलू शकता का ते बघतात. रोल नाहीच मिळाला तर प्रॉम्प्टिंग, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं सांगायचं काम, मागून घ्या, सगळं नाटक आपोआप पाठ होतं. तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, त्यामुळं खानापूरला परतायची गाडी कितीची आहे ते पहिल्याच दिवशी सांगून टाका.