गुडघेदुखीत व्यायाम थांबवावा का?

प्रश्न: गुडघ्याच्या संधिवातासाठी फिजिओथेरपिस्टने मांडीचे व्यायाम सांगितले आहेत, ते केल्यावर थोडे दुखते, तर थांबवावेत का?

उत्तर १: सहसा थांबवू नयेत. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्यावरचा भार पेलतो आणि निव्वळ विश्रांतीने तोच अशक्त होत असल्यामुळे दुखणे कालांतराने वाढते. व्यायामानंतरची सौम्य वेदना २४ तासांत पूर्ववत होत असेल, तर ती चालू शकते. अधिक टिकल्यास आवर्तने कमी करावीत.

उत्तर २: सहमत. मात्र सांधा लाल व गरम होऊन सुजला किंवा अडकू लागला, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर ३: शेक आणि यंत्रोपचार तात्पुरता आराम देतात, ताकद वाढण्यास मात्र नियमित व्यायामाचे कित्येक आठवडे लागतात.