मदत हवी आहे : लग्नाची ब्ल्यू-रे डिस्क चालत नाही

नमस्कार मंडळी, आम्ही दारव्हा तालुक्यातले. 2013 मध्ये ताईच्या लग्नाचं शूटिंग व्हिडिओवाल्याने "एकदम क्लिअर येते" म्हणून ब्ल्यू-रेवर दिलं. डीव्हीडी दिलीच नाही. आमचा प्लेअर मागच्या पावसाळ्यात वीज कमीजास्त होऊन जळला, आणि तो व्हिडिओवालाही दुकान बंद करून गेला.

लॅपटॉपच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये डिस्क टाकली की नुसती घरघर. नंतर कळलं, डीव्हीडीचा लेझर लाल, 650 नॅनोमीटरचा. ब्ल्यू-रेला 405 चा लागतो. म्हणजे तिथे ती चालणारच नव्हती! डिस्क 25 जीबीची आहे, कडेला एक बारीक ओरखडा आहे. यात डेटाचा थर पृष्ठभागापासून जेमतेम 0.1 मिलिमीटर आत असतो, म्हणून जीव घाबरतो.

बाबा आता नाहीत. पंगतीत वरणाची बादली घेऊन "अजून घ्या जी" म्हणत फिरणारे बाबा फक्त या डिस्कवर आहेत. आईला ते एकदा दाखवायचे आहेत.

यवतमाळ, अमरावती किंवा नागपुरात ब्ल्यू-रेवरून पेनड्राइव्हवर कॉपी करून देणारं भरवशाचं कुणी आहे का? की यूएसबीचा ब्ल्यू-रे ड्राइव्हच घ्यावा? डिस्क कुरिअरने पाठवायची हिंमत होत नाही, मी स्वतः घेऊन येईन.