मदत हवी आहे: रत्नागिरीच्या बाजूला बाईला मुलीसकट राहायला जागा

आमच्या वाडीतली एक वहिनी परवा रात्री पोरीला घेऊन आमच्या पडवीत आली, अंगावरच्या कपड्यांनिशी. नवऱ्याने मारून बाहेर काढलं आणि सासू म्हणते घर माझ्या नावावर आहे, परत पाय ठेवायचा नाही. माहेर मुंबईत चाळीत, एका खोलीत भाऊ भावजय त्यांची मुलं, तिथे कुठे जाणार ती? वाडीतली मोठी माणसं म्हणतायत बैठक लावू समजूत काढू, पण गणपतीत पण हेच केलं होतं आणि आठ दिवसांत पुन्हा मारहाण, त्यामुळे मला हे अजिबात पटत नाही.

१८१ या महिला हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी सखी वन स्टॉप सेंटर (त्रास झालेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) सांगितलं पण तिथे साधारण पाच दिवसच राहता येतं, पुढे काय? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात घर सासूच्या नावावर असलं तरी राहायचा हक्क मागता येतो, सुप्रीम कोर्टाने पण २०२० मध्ये तसं म्हटलंय, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना वकील फुकट मिळतो. पण इथे कोणी संरक्षण अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली बायकांना मदत करणारा सरकारी अधिकारी) अर्ज केलाय का, तात्पुरता आदेश यायला किती दिवस लागले?

शिवाय काजू फोडायचं, कोलंबी सोलायचं काही काम आणि एखादी भाड्याची खोली असेल तर प्लीज मेसेज करा. कमेंटमध्ये गावाचं नाव नको, त्यांचे नातेवाईक ग्रुपवर आहेत. पोरगी चौथीत आहे, शाळा बुडतेय तिची.